अक्कलदाढेचे दार

मित्रांनो, अल-मीना बंदराच्या धक्क्याला डावी कूस लावून उभी असलेली, नुकताच निळा रंग दिलेली ही जुनी होडी दिसते ना, ती मी. माझे नाव अक्कलदाढ. आमच्या बंदरात होड्यांना संतांची नावे देतात, नाहीतर मालकाच्या आईचे किंवा मुलीचे. पण माझे मालक दातांचे डॉक्टर होते आणि मी त्यांच्याकडे आले ती त्यांच्या पन्नाशीत. "उशिरा आली, घरात जागा नसताना आली, आता ठणका सोसायचा आपण," असे त्यांच्या पत्नी मार्सेलबाई मला पहिल्यांदा पाहून म्हणाल्या. डॉक्टर वदीअ पोट धरून हसले आणि तेच नाव त्यांनी माझ्या पुढच्या टोकावर रंगवून घेतले.

मला दीब नावाच्या सुताराने बांधले. सारे त्याला मुअल्लिम म्हणतात, म्हणजे उस्ताद. तो तुतीची झाडे हिंडून हिंडून पाही आणि ज्या फांदीचा बाक जन्मतःच फासळीसारखा असेल तीच तोडून आणी. माझ्या साऱ्या फासळ्या अशा वाकड्या फांद्यांच्या आहेत. त्यांवर पाइनच्या लांब फळ्या आणि वर तिकोनी पांढरे शीड. मी पाण्यात उतरले तेव्हा धक्क्यावरचे म्हातारे कोळी बोलायचे थांबले. आमच्याकडे याहून मोठी स्तुती नसते.

डॉक्टर माझी निगा दातांसारखीच राखत. दवाखान्यातला छोटा आरसा आणून ते माझ्या फळ्यांच्या मागून पाहत. आकड्यासारखे जुने हत्यार घेऊन सांध्यांत कापूस भरत. एकदा किड्याने पोखरलेले भोक त्यांनी दातांत भरायच्या सिमेंटने बुजवले, तेव्हा दीब चांगलाच तापला.

"हकीम, ही होडी आहे. कुणाचं तोंड नव्हे."

"मुअल्लिम, दोन्हींत पाणी शिरलं की माणूस ओरडतोच," डॉक्टर म्हणाले आणि काम करत राहिले.

त्यांची एकुलती एक मुलगी नुहाद माझ्यावरच शीड सोडायला शिकली. सुटीच्या दिवशी मार्सेलबाई झाकणाच्या डब्यात भरलेली कोवळी वांगी घेत आणि आम्ही सशांच्या बेटापर्यंत जात असू. तिथे पोहून, जेवून परत. डॉक्टर शीड आवरताना बोलत, आणि ते बोलत म्हणून मला बंदराबाहेरच्या गोष्टी कळत. फातेनची गोष्ट मला अशीच कळली.

फातेन शाळेत गणित शिकवते. लहानपणी, लढाईच्या दिवसांत, तिच्या पाठीत तोफगोळ्याचा तुकडा शिरला आणि तेव्हापासून तिचे पाय हलत नाहीत. एके सकाळी तिची दाढ सुजली. डॉक्टरांचा दवाखाना तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होता. ती खाली रस्त्यात चाकांच्या खुर्चीत बसून राहिली आणि तिच्या भावाने वर जाऊन निरोप दिला. डॉक्टर हत्यारे घेऊन खाली आले. कॉफीवाल्याच्या दुकानासमोर, भर रस्त्यात त्यांनी तिची दाढ काढली. बघ्यांची गर्दी झाली. कुणीतरी लहान मुलाला खांद्यावर उचलून दाखवले. रक्त पुसताना फातेनने तोंडावर हात धरला होता आणि तो तिने घरी जाईपर्यंत काढला नाही.

"तिचं तोंड मी उघडलं, आणि सगळ्या गावानं आत पाहिलं," त्या दिवशी डॉक्टर दोर गुंडाळताना मार्सेलबाईंना म्हणाले. "वीस वर्षं मी वर बसून होतो. जे जिना चढू शकत नव्हते, त्यांना दातच नाहीत असं मी धरून चाललो होतो."

मग त्यांनी दवाखाना खाली आणला. दारात उतार केला. फातेनला आणि तिच्यासारख्या साऱ्यांना ते त्यांच्याच खुर्चीत बसवून, खुर्ची मागे कलवून तपासू लागले. काही जुने रोगी नाराज झाले. अशा लोकांशेजारी बसायला त्यांना अवघड वाटे. ते दुसरीकडे गेले, आणि डॉक्टरांनी त्यांना जाऊ दिले. फातेनबरोबर ते सरकारी कचेऱ्यांतही जाऊ लागले. पायऱ्या दिसल्या की पायथ्याशी खुर्ची टाकून बसत, कॉफी मागवत आणि शिपायाला सांगत, "साहेबांना म्हणावं, आम्ही आलोय. त्यांनाच खाली यावं लागेल, त्यांचे पाय चांगले आहेत." एका कचेरीने अखेर उतार बांधला, पण फार उभा. तो पाहून फातेन म्हणाली, "छान. शेळी नक्की चढेल."

इथवर सारे ठीक होते, मित्रांनो. माझी लाज सुरू झाली ती एका वसंतात.

डॉक्टर दीबला घेऊन आले आणि माझ्या डाव्या कुशीवर हात ठेवून म्हणाले, "इथून कापायची. दार करायचं. फळी खाली धक्क्यावर पडेल आणि खुर्ची सरळ आत येईल."

दीबने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांनी त्याच्या मुलीचा कान कापायला सांगितला होता. "होडीला दार? मग खिडक्याही काढू. पडदे लावू."

"पाण्याच्या वर राहील रे. आपला समुद्र वर्षभर एकाच उंचीवर असतो, ना भरती ना ओहोटी. धक्का आणि होडीची कड सदा समोरासमोर. दुसऱ्या कुठल्या बंदरात हे जमलं नसतं."

"चार माणसं उचलून ठेवतील की त्यांना आत."

"पोतं उचलतात, दीब. माणूस घरात येतो तसा आला पाहिजे."

"लोक हसतील."

"मला हसतील."

"होडी मी बांधली आहे, हकीम. हसतील मलाच."

त्याने ते काम एका रविवारी उरकले, कोळी चर्चमध्ये असताना. डॉक्टर त्या दिवशी प्रार्थनेला गेले नाहीत, हे मार्सेलबाईंनी त्यांना पुष्कळ दिवस ऐकवले. करवत माझ्या कडेतून खाली आली. दोन फासळ्या तुटल्या. बिजागऱ्या बसल्या, कडांना रबर लागले. कोळी परत आले आणि धक्क्यावर उभे राहिले. या वेळी ते गप्प बसले नाहीत.

"दातांच्या हकीमाची होडी, आणि तिचाच दात पाडला."

"दात कसला, कपाट आहे ते. आत कपडे ठेवत असतील."

त्या दिवसापासून मी बंदरात "कपाट" झाले. आले की "कपाट आलं," निघाले की "कपाट चाललं." मला डावी कूस कुणाला दाखवू नये असे वाटे. पण डाव्या कुशीवरच दार, आणि दारापाशीच धक्का. लपायला जागा नव्हती.

दर शनिवारी फातेन आणि तिचे मित्रमैत्रिणी येत. फळी खाली पडे, चाके आत येत, दार बंद होई. फातेन लवकरच सुकाणू धरायला शिकली. तिचे खांदे आणि दंड बळकट होते. तिच्या हातात सुकाणू असले की मी वाऱ्याला अगदी खेटून जाई, डॉक्टरांच्या हातीही तशी गेले नाही. खुल्या पाण्यावर मला कूस आठवत नसे. तिथे पाहायला कोण होते? पण परतताना बंदराचा दिवा दिसू लागला की लाज पुन्हा येऊन बसे. घरचे लोकही तिच्यातून सुटले नव्हते. नुहादच्या साखरपुड्याच्या दिवशी फोटोग्राफर आला, तेव्हा ती पोरगी हळूच त्याला म्हणाली, "या बाजूनं नको काढू." डॉक्टरांनी ते ऐकले. त्यांनी दोर सोडला, मला वळवले आणि माझी उजवी, अखंड कूस धक्क्याकडे केली. त्या फोटोत मी फार देखणी दिसते असे म्हणतात.

नुहाद लग्न करून परदेशी गेली. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि ते सारा वेळ माझ्यावर, नाहीतर फातेनबरोबर कचेऱ्यांच्या पायथ्याशी घालवू लागले. मग त्यांचे गुडघे गेले. कड ओलांडून आत येणे त्यांना जमेना. आता तेही चौकट हातात धरून, पावले ओढत दारातून येत. आणि मित्रांनो, एक गोष्ट मी पाहिली आहे. ज्यांनी साऱ्या गावाला लाज सोडायला सांगितले, ते स्वतः मात्र पहाटे येत, धक्का रिकामा असताना. एकदा फातेनने त्यांना गाठले.

"हकीम, माझ्या दारानं चोरून येताय?"

डॉक्टर फळीवर अवघडून उभे राहिले. "गुडघा जरा धरलाय आज."

"आज? गेले सहा महिने धरलाय तो. शनिवारी सगळ्यांबरोबर या. आणि कॉफी तुमच्याकडून."

ते शनिवारी आले. कॉफीही आणली. पण पुढच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले आणि माझ्याकडे कुणी आले नाही. पावसाचे पाणी माझ्या तळात साचले, शिडावर बुरशी चढली. दाराच्या चौकटीत पाणी मुरून लाकूड मऊ पडले. दुसरा हिवाळाही तसाच गेला. मग चर्चची घंटा वाजली.

आमच्याकडे मालक गेला की त्याची होडी चाळिसाव्या दिवसापर्यंत हलवत नाहीत. चाळिसाव्याला प्रार्थना होते, साखर, बदाम आणि बडीशेप घालून शिजवलेले गहू वाटतात, आणि मग घरचे लोक त्याच होडीतून बाहेर जाऊन पाण्यात फुलांचा हार सोडतात. नुहाद परदेशातून आली होती. बापाच्या शेवटच्या दिवसांत ती पोहोचू शकली नव्हती, आणि आता त्यांच्यासाठी जे करायचे ते या चाळिसाव्यालाच करायचे, असे तिने मनाशी धरले होते. ती दीबला घेऊन माझ्याकडे आली. तिने माझ्या तळातले हिरवे पाणी पाहिले आणि तोंड फिरवले.

"मुअल्लिम, हिला पहिल्या दिवशी होती तशी करा. बाबांना तिच्यातून निरोप द्यायचाय. सगळे पाहुणे येणार आहेत, परदेशातले, इथले."

दीबने चौकटीत बोट घातले. बोट आत गेले. "चौकट सडली आहे. नवं दार करायचं, नाहीतर फासळ्या जोडून बुजवून टाकायचं. बुजवणं सरळ काम आहे."

"जसं आहे तसं नवं करा की," मार्सेलबाई मागून म्हणाल्या. पण त्यांचा आवाज हल्ली बारीक झाला आहे.

"बुजवा," नुहाद म्हणाली. "बाबांच्या होडीला आता कुणी हसायला नको."

खरे सांगते, मला आनंद झाला. दीबनेही हे काम मन लावून केले, आणि या वेळी लपून नाही. तुतीच्या नव्या फासळ्या, अखंड नवी फळी, वर समुद्रासारखा निळा रंग. नवा तुकडा कुठे सुरू होतो ते त्यालाही दाखवता आले नसते. कोळी आले, पाहून गप्प झाले. किती वर्षांनी मी ती शांतता ऐकत होते. मी पुन्हा अखंड झाले होते.

चाळिसाव्याच्या दिवशी चर्च सुटल्यावर सारे धक्क्यावर आले. काळ्या कपड्यांतले पाहुणे, फादर, गव्हाची परात घेतलेली नुहाद, खुर्चीवर बसवलेल्या मार्सेलबाई. माझी स्तुती चालली होती. कुणी तरुण चुलतभाऊ म्हणत होता की काकांची होडी इतकी सुंदर होती हे माहीतच नव्हते. तेवढ्यात धक्क्याच्या टोकाशी एक गाडी थांबली आणि फातेन उतरली. तिच्यामागे तिचे मित्रमैत्रिणी. सारे ठेवणीतल्या कपड्यांत. दगडांवरून चाकांचा आवाज जवळ आला. तो आवाज मला इतका ओळखीचा होता की फळी आपोआप खाली पडेल असे क्षणभर वाटले.

फातेन नेहमीच्या जागी येऊन थांबली. तिने हात लांब करून माझी कूस चाचपली. रंग अजून पुरता वाळला नव्हता. तिचा तळवा निळा झाला.

"दार दुसऱ्या बाजूला केलंत का?" तिने विचारले. अगदी साधेपणाने विचारले.

दीब आपल्या बुटांकडे पाहू लागला. नुहादने हातातली परात मार्सेलबाईंच्या मांडीवर ठेवली.

"बंद केलं," ती म्हणाली. "चौकट सडली होती."

"अच्छा."

"म्हणजे... वेळ कमी होता."

फातेनने एकदा नव्या फासळ्यांकडे पाहिले आणि एकदा अखंड फळीकडे. एवढे काम करायला वेळ होता, हे गणिताच्या बाईंना कुणी सांगायला नको होते. तो चुलतभाऊ बाह्या सरसावत पुढे आला. "ताई, त्यात काय? आम्ही चौघं आहोत. फुलासारखं उचलून ठेवतो."

"फुलासारखं मेलेल्याला उचलतात, बाळा. तो मान हकीमांचा झाला. मी अजून रांगेत आहे." दोघेतिघे हसले, आणि हसू अर्ध्यातच थांबले. फातेनने खुर्ची थोडी मागे घेतली, जाणाऱ्यांना वाट करून दिली. "तुम्ही जाऊन या. आम्ही इथे बसतो."

मित्रांनो, मला कोळी हसले तेव्हा मी लाजले होते. ती लाज किती लहान होती ते मला तेव्हा कळले. माझ्या अंगावर एकही भेग नव्हती, रंग चमकत होता, सारे माझ्याकडे पाहत होते, आणि मला पाण्याखाली जावेसे वाटत होते.

पाहुणे एकेक करून कड ओलांडू लागले. नुहादची पाळी आली. तिने पाय उचलला, तो माझ्या कडेवर क्षणभर राहिला, आणि तिने तो परत दगडावर ठेवला.

"मी नाही जात," ती म्हणाली. "फादर, प्रार्थना इथेच म्हणा."

जे आत आले होते ते बाहेर आले. फादरांनी धक्क्यावरच प्रार्थना म्हटली. गहू वाटले, लोकांनी उभ्याने खाल्ले. हार तिथूनच खाली सोडला. तो माझ्या आणि धक्क्याच्या भिंतीच्या मध्ये पडला आणि तिथेच राहिला. आमच्या पाण्याला ओढ नसते. तो हार तासभर माझ्या नव्या फळीवर हलके हलके आपटत होता.

पाहुणे पांगले. नुहाद फातेनच्या खुर्चीपाशी दगडावर बसली. तिच्या काळ्या कपड्यांना धूळ लागत होती, तिकडे तिचे लक्ष नव्हते.

"मला लाज वाटते," ती म्हणाली.

"वाटू दे," फातेन म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण तिने ते परतही घेतले नाही.

"मुअल्लिमना उद्याच बोलावते. पूर्वी होतं अगदी तसंच दार करून घेऊ."

"तसंच नको."

नुहादने वर पाहिले.

"बोटभर अरुंद होतं ते," फातेन म्हणाली आणि उजवा हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर जुने पांढरे व्रण होते. "दर शनिवारी जाताना एकदा, येताना एकदा, चाक ढकलताना पेरं चौकटीला घासून सोलायची. मग रुमाल गुंडाळायला लागले."

"बाबांना कधी सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? एक माणूस माझ्यासाठी आपली होडी कापतो, अख्ख्या बंदराचं हसू झेलतो, आणि मी म्हणू की जरा कमी कापलीत? माझीच जीभ रेटली नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. चांगला माणूस होता, नुहाद. पण माप त्यानं स्वतःच्या डोळ्यानं घेतलं."

हे मी इतकी वर्षे माझ्या अंगावर वाहत होते, आणि मला ठाऊक नव्हते. मी माझ्या दिसण्यात गुंतले होते.

बापाबद्दल असे काही ऐकायला नुहाद आली नव्हती. मग ती उठली. "मुअल्लिम," तिने हाक मारली. दीब दूर जाऊन उभा होता, तो आला. "फातेन, तूच सांग. कुठून कुठवर?"

फातेनने पिशवीत हात घालून खडू काढला. ती खुर्ची माझ्या अगदी जवळ घेऊन आली, इतकी की चाक दगडाच्या कडेशी थांबले, आणि नुहादने मागून खुर्ची घट्ट धरली. ओल्या रंगावर खडू नीट उठेना. फातेनने जोर देऊन एक रेघ ओढली, दोन्ही हात पसरून अंतर पाहिले, आणि दुसरी रेघ ओढली.

दीब पुढे वाकला. "तिथे फासळी आहे. नवीच घातली आहे मी."

"मग ती सरकवा."

"फासळी अशी सरकत नसते, बाई."

"माझी खुर्चीही अरुंद होत नसते, मुअल्लिम. आपण तिघांनी मिळून एक काय ते ठरवू."

दीबने मान खाजवली. मग खिशातून दोरी काढली, खुर्चीच्या चाकापासून चाकापर्यंत धरली, आणि गाठ मारण्याआधी तिला विचारले, "हात किती मोकळा हवा?"

मित्रांनो, जुनी होडी तुम्हाला उपदेश करण्यासारखे फार काही जाणत नाही. एवढेच मागते. कुणासाठी दार करणार असाल, तर आधी त्याला विचारा की त्याला केवढे हवे. आणि दार झाले की त्याची निगा राखा. त्याच्या बिजागऱ्यांना तेल द्या, त्याची चौकट कोरडी ठेवा, कुणी हसले म्हणून ते बुजवू नका. त्या दारातून कोण येणार होते, हे दार बुजवताना कधीच आठवत नाही.

दीब उद्या सकाळी करवत घेऊन येणार आहे. वारा सुटला आहे, आणि शेजारच्या होड्या धक्क्यावर पाणी उडवत डोलत आहेत. मी मात्र दोर ताणून अगदी स्थिर उभी आहे. पाण्याचे शिंतोडे त्या दोन रेघांवर पडता कामा नयेत.